बांधावरची आंबील

म्हशीच्या घमेल्यात करंज्या तरंगत होत्या. सरकीच्या पेंडीच्या पिवळट पाण्यात त्या फुगून मऊ झाल्या होत्या, कडा सुटल्या होत्या आणि आतलं खोबरं बाहेर आलं होतं. म्हैस नाक खुपसून एकेक ओढत होती. नाकातल्या शेंबडाची तार त्या पाण्यावर लोंबत होती.

कस्तुराबाई जावेच्या दारातच थांबल्या. त्या करंज्या त्यांनीच नाताळच्या सकाळी तळल्या होत्या, दुरडीवर धुतलेलं फडकं घालून स्वतः आणून चांगुणाच्या हातात दिल्या होत्या. चांगुणानं त्या दोन्ही हातांनी घेतल्या होत्या. "कशाला अक्का एवढं," असंही वर म्हणाली होती.

परत द्यायला आणलेली विळी कस्तुराबाईंनी ओट्यावर ठेवली आणि हाक न मारताच त्या माघारी फिरल्या. राग आला असता तर बरं झालं असतं, चार शब्द बोलून मोकळं होता आलं असतं. पण राग येईना. पोटातून नुसती शिसारी वर येत होती. घरी जाऊन त्यांनी दोनदा चूळ भरली, तरी तोंडाला ते पेंडीचं पाणी लागल्यासारखंच वाटत राहिलं.

जळकोटच्या रस्त्यावरचं हे गाव. कस्तुराबाईंचे मालक थोरले बालाजी आणि चांगुणाचे मालक धाकटे वैजनाथ, दोघा भावांची घरं एकाच भिंतीच्या दोन अंगांना आणि रानं एकाच बांधाच्या दोन अंगांना. बालाजींना मूलबाळ झालं नाही. वैजनाथची थोरली पोर आरती जन्मली तेव्हा चांगुणा तापानं फणफणलेली होती, म्हणून ते तान्हं कस्तुराबाईंच्या मांडीवर आलं ते पाच-सहा वर्षांची होईपर्यंत उतरलं नाही. आरती त्यांना मोठीआई म्हणायची. अजूनही म्हणते, कोणी जवळ नसलं तर.

बालाजी गेले ते लातूरच्या सरकारी दवाखान्यात. शेवटच्या त्या दिवसांत भाऊबंद येऊन दारातून डोकावून जात. शेजारच्या खाटेवर उदगीरच्या शरणम्माचा नवरा होता. ही शरणम्मा अर्धी कानडी, अर्धी मराठी बोलायची. ती रोज आपल्या डब्यातली भाकरी मोडून अर्धी कस्तुराबाईंच्या हातावर ठेवायची, जात-गोत न विचारता. बालाजींनी डोळे मिटले तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि सकाळ होईपर्यंत उठली नाही.

पुढं गावात कस्तुराबाईंची हळदी-कुंकवाची बोलावणी बंद झाली. ओटी भरायला त्यांचा हात चालेना, नवरीच्या अंगाला हळद लावायला चालेना. सकाळी वाटेत समोर आल्या की बायका पायातलं काही बघितल्यासारखं करून वाट बदलत. एक दिवस त्या उदगीरला शरणम्माकडं गेल्या, तिच्याबरोबर तिच्या ख्रिस्ती देवळात बसल्या. पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. दोन-तीन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथंही सगळे शरणम्मासारखे होते असं नाही. पहिल्याच महिन्यात बाकावरच्या एका बाईंनी हळूच विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही मूळच्या कोणत्या?" तेव्हाही कस्तुराबाईंच्या तोंडाला अशीच कडवट चव आली होती. पण तिथल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सांगितलेलं एक वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं, की माणसाचं मोल माणसांनी ठरवायच्या आधीच देवानं ठरवलेलं असतं. अपशकुनी म्हणून ओवाळून टाकलेल्या बाईला त्या वाक्यानं पाठीचा कणा दिला.

गावानं मात्र त्या दिवसापासून त्यांना 'बाटलेली' म्हटलं. पहिल्यांदा म्हणाला तो सख्खा दीर वैजनाथ, तोही पारावर, चारचौघांत.

आणि तरीही दरवर्षी येळवशीच्या आदल्या सांजेला कस्तुराबाईंच्या मागच्या दाराची कडी वाजायची.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, लातूर-नांदेडकडचा रानातला सण. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभरा घाट्याला लागलेला असतो. गावच्या गाव रानात उतरतं. कडब्याची खोप करायची, पूजा करायची आणि तिथंच बसून ओल्या दाण्यांची नि पाल्याची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि ज्वारीच्या पिठाची आंबट ताकातली आंबील असं जेवायचं. रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो वा नसो, त्याला हाक मारून आंबील पाजायची आणि बोलावलेल्यानं नाही म्हणायचं नाही, हा इथला दंडक आहे. आंबील जमणं सोपं नाही. पीठ जास्त आंबलं की वास मारते, घाईत ताक घातलं की फाटते. कस्तुराबाईंची कधी फाटली नाही. त्या शेवटी भाजलेला ओवा तळहातावर चोळून टाकत, त्यानं घोट गिळल्यावरही चव मागं राहायची. चांगुणाची आंबील मात्र दरवर्षी फाटायची.

म्हणून करंज्यांनंतर चार-पाच दिवसांनी, येळवशीच्या आदल्या सांजेला, कडी वाजलीच.

"अक्का, हायेत का?"

"मी कुठं जाणार बाई? ये."

चांगुणा पदराखाली पितळेची कळशी घेऊन आत आली. दार तिनं स्वतःच लावून घेतलं. "उद्या निलंग्याचे पाव्हणे रानात येऊन राहिले. आरतीचं पक्कं करायचं म्हणतेत. पोराची आजी पंचफुलाबाई संगं हाय. म्हातारी लई चिकित्सक. भाकरी मोडून आत बघती म्हणे, कच्ची हाय का!"

"मग बघू दे की."

"आंबिलीचं काय करू? तुम्हाला तर ठाव हाय माझा हात."

"हाय ठाव." कस्तुराबाईंनी चुलीजवळचं फडकं घडी करून ठेवलं. "करंज्या कशा झाल्त्या गं?"

"लई बेस. पोरांनी दोन दिवसांत फस्त केल्या."

"म्हशीला किती ठेवल्या?"

चांगुणाचा चेहरा उतरला. मग ती भराभर बोलायला लागली. "ह्यांनी टाकल्या अक्का, मी न्हाई. सोयरीक जुळून राहिली, घरात तुमच्याकडचं काही दिसाया नको म्हणले. मी काय तुम्हाला वंगाळ म्हणते का कधी? एकटी असले की तुमच्या हातचं खातेच की!"

"खातीस. मागच्या दारानं."

"आता त्याला काय करावं. गावात राहायचं हाय."

कस्तुराबाईंनी मान वळवली. दोन दिवस आंबवलेल्या, निवलेल्या आंबिलीचं मडकं कोपऱ्यात होतं. देऊ नये, असं मनापासून वाटत होतं. मग त्यांना आरती दिसली, उद्या पाहुण्यांपुढं वाटी धरून उभी असलेली. त्यांनी कळशी गळ्यापर्यंत भरून दिली.

चांगुणा गेली. पण अंगणातली मधली भिंत बुटकी, पलीकडचं सगळं दिसायचं. आपल्या अंगणात पोचल्यावर चांगुणानं कळशी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली, वैजनाथ तांब्या घेऊन बाहेर आला, त्यानं तुळशीचं पान बुडवून कळशीभोवती आणि आंबिलीतही पाणी शिंपडलं. मग बोट बुडवून त्यानं चव घेतली आणि मिटक्या मारल्या.

कस्तुराबाईंना उमासाच आला. पाणी शिंपडल्याचं एक वेळ त्यांनी सोसलं असतं. त्या मिटक्या त्यांना सोसवेनात. रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले तर शब्द सुचेना. देवाला काय सांगायचं, वैजनाथनं मिटक्या मारल्या म्हणून? नुसतं 'आमेन' म्हणून त्या निजल्या.

दुसऱ्या दिवशी त्या रानात गेल्या. बांधापलीकडं वैजनाथची मोठी खोप होती, सतरंज्या अंथरल्या होत्या, जीप उभी होती. अलीकडं कस्तुराबाईंची चार पेंढ्यांची खोप, आत एक घोंगडी आणि आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मातीची गळ्याची घागर. पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा त्या करत नसत. उभ्या पिकाकडं बघून त्यांनी हात जोडले, पिकाबद्दल देवाचे आभार मानले आणि एकट्याच जेवायला बसल्या. मधे ज्वारी पुरुषभर उंच होती. माणसं दिसत नव्हती, पण बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"वा! वा गं माय!" हा पंचफुलाबाईंचा खणखणीत आवाज. "अशी आंबील मी माझ्या माहेरी पिले हुते, त्याच्यानंतर आज. कुणाचा हात म्हणायचा हा?"

"माझाच की आत्याबाई," चांगुणा म्हणाली.

"आमच्यात आंबील म्हणलं की हिचीच," वैजनाथ म्हणाला. "सोवळ्यात करती. शिवाशीव अजिबात न्हाई."

कस्तुराबाईंच्या हातातला उंडा हातातच राहिला. एकच वाक्य पुरं होतं. बांधावर उभं राहून म्हणायचं, 'पाव्हणे, ती बाटलेलीच्या हातची आंबील हाय.' वाक्य जिभेवर तयारही झालं. बघण्यासारखी गंमत झाली असती. कोणी थुंकलं असतं, कोणी घशात बोटं घातली असती, वैजनाथच्या तोंडाला डांबर लागलं असतं.

त्या उठून बांधापर्यंत गेल्याही. ज्वारीच्या फटीतून आरती दिसली. पोपटी साडी, हातात वाट्यांचं ताट. तिनं मोठीआईला बघितलं आणि चटकन वळून पाहुण्यांकडं पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. तिची सोयरीक कस्तुराबाईंच्या जिभेवर होती.

बोलल्या तर तो घाव वैजनाथच्या आधी या पोरीला लागणार होता. आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, तिनं त्यांना जास्त थांबवलं. ते वाक्य बोलायचं म्हणजे आपल्या हातचं अन्न घाण आहे, असं आपणच कबूल करायचं. गावानं जी घाण त्यांच्यावर फेकली, तीच उचलून त्यांनी दुसऱ्यावर फेकायची. देवानं ज्या हाताचं मोल ठरवलं, तो हात त्या असा विकणार होत्या, आणि कशासाठी, तर वैजनाथच्या ओकारीसाठी! त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी आरतीकडं बघून मान हलवली, घाबरू नको म्हणून, आणि माघारी येऊन बसल्या.

थोड्या वेळानं ज्वारी सळसळली. चांगुणा वाकून, डोक्यावर पदर ओढून, रिकामी कळशी घेऊन आली.

"अक्का, संपली. म्हातारी चार वाट्या पिली बघा! आणखी द्या थोडी, लवकर."

"देते." कस्तुराबाई उठल्या. त्यांनी बिंदगं उचललं, आणि चांगुणाच्या कळशीत न ओतता ते नेऊन बांधाच्या उंच जागी ठेवलं, जिथं ज्वारी नव्हती. दोन्ही रानांतून, रस्त्यावरूनही दिसेल असं. वर एक वाटी पालथी घातली.

"हे काय करून राहिलात?"

"पाहिजे तेवढी घे. पाव्हण्यांना हितं आणलंस तर मी वाढीन. पण ज्वारीतनं न्यायची न्हाई."

"अक्का, पोरीचं वाटोळं करता का?"

"वाटोळं करायचं असतं तर मघाच बोलले असते. तू माझाच हात म्हणलीस ते ऐकलं मी. गप्प बसले. पुढंबी बसीन. पण चोरून न्यायला माझी आंबील काय दारू हाय का गं?"

चांगुणा "संपली म्हणून सांगते," असं पुटपुटून कळशी तिथंच टाकून ज्वारीत शिरली. तिकडून तिचा आवाज आला, "पुरली न्हाई बघा आत्याबाई, यंदा पाव्हणेच लई."

ऊन चढलं. बिंदगं बांधावर एकटंच उभं होतं. पलीकडचे पुरुष विहीर बघायला गेले, बायका कलंडल्या. तेवढ्यात काठी टेकत पंचफुलाबाई हरभऱ्याचे घाटे खुडत बांधावर आल्या. बिंदग्यापाशी थबकल्या.

"कुणाची गं ही आंबील?"

"माझी. बसा आजी."

"मग हाक कामून मारीना गेलीस? येळवस हाय ना?"

"मी येशूला मानते. तुम्हाला चालंल का न्हाई, म्हणून."

म्हातारीनं आधी मागं बघितलं, मग पुढं बघितलं. मग लगबगीनं बांध उतरून ती खोपीच्या आडोशाला, पलीकडून दिसणार नाही अशी बसली. "दे दे. घोटभर दे."

पहिल्याच घोटाला तिचे डोळे बारीक झाले. तिनं जीभ टाळूला लावली. "ओवा. तिकडंबी हाच हुता."

कस्तुराबाई म्हणाल्या, "आरतीला आंबील मीच शिकवली आजी. लहानपणी माझ्यापाशीच हुती ती. तुमच्या घरी आली की अशीच करून घालील. पोर गुणाची हाय."

म्हातारीला जे कळायचं ते कळलं असावं. ती हसली, दात नसलेल्या तोंडानं. "हुशार हायस." मग वाटी पुढं करून दुसरी मागितली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मी हितं पिले ते तिकडं बोलू नको हं. आमच्यात चालत न्हाई. माझा ल्योक लई कडक."

शिसारी पुन्हा वर आली, तीच, पेंडीच्या पाण्याची. म्हातारी अधाशासारखी पीत होती, आंबील हनुवटीवरून लुगड्यावर सांडत होती आणि डोळे पलीकडं लागलेले होते. चांगुणा, वैजनाथ, ही. सगळे एकाच घमेल्यात नाक खुपसून. तरी त्यांनी तिची वाटी भरली. म्हातारं माणूस, उन्हाचं आलेलं.

"प्या आजी, पोटभर प्या. मी आपण होऊन सांगायला जाणार न्हाई. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार न्हाई. आणि आडोशाला कशाला बसता? बांधावर बसा की, वारा हाय तिथं."

"बांधावर? दिसतंय की तिथनं!"

म्हातारीनं वाटी अर्धीच खाली ठेवली, तोंड पदरानं पुसलं, पुन्हा एकदा पुसलं, आणि काठी टेकत निघून गेली.

कस्तुराबाई त्या अर्ध्या वाटीकडं बघत बसल्या. तिच्यात एक माशी पडून तडफडत होती. त्यांना पाळकांनी एका रविवारी सांगितलेली गोष्ट आठवली. भर दुपारी विहिरीवर एक बाई आलेली, जिच्या लोकांच्या भांड्याला कोणी शिवत नव्हतं, आणि येशूनं तिच्याजवळ पाणी मागितलं. उजेडात मागितलं. शिष्य येतील, बघतील, याची फिकीर केली नाही. ही गोष्ट त्यांना पाठ होती. आणि तरी इतकी वर्षं मागच्या दाराची कडी वाजली की त्यांनी आतून दार उघडलं होतं. कोणीतरी आपल्याकडं येतंय, एवढ्या आनंदात. येळवशीला हाक मारायची असते रानाच्या धन्यानं. हे रान त्यांचं होतं. आणि नकार येईल या भीतीनं त्यांनी बाप्तिस्म्यानंतर एकदाही हाक मारली नव्हती. दुसऱ्यांनी बोलवावं म्हणून ज्वारीआड बसून राहिल्या होत्या.

त्यांनी वाटी मातीत पालथी केली, वाळूनं घासली, धुतली. बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचला आणि बालाजी असताना मारायच्या तशी हाक मारली.

"आंबील प्यायला या होऽऽ!"

पलीकडचं बोलणं एकदम थांबलं. कोणीतरी खोकलं. कोणी आलं नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी रस्त्याकडं तोंड करून. देगलूरकडं निघालेली एक मोटारसायकल थांबली. मागं बायको, टाकीवर पिशवी. माणूस चप्पल हातात घेऊन ढेकळांतून आला, पण बांधापासून चार हात दूरच उभा राहिला. "मला बोलावलं का बाई?"

"तुम्हालाच."

"मी संघपाल. आम्ही जयभीमवाले हाव. आधी सांगितलेलं बरं. मागं एका रानात वाटी तोंडाला लावल्यावर जात विचारली हुती."

"मी येशूची. तुम्हाला चालतंय का?"

संघपालनं बायकोकडं बघितलं आणि तो मोठ्यानं हसला. "ये गं, हितं आपल्यापेक्षा भारी गिऱ्हाईक हाय!"

दोघं बांधावर बसली, भर उन्हात, पाय सोडून. बायकोनं पहिला घोट घेतला आणि "ओवा टाकला का?" म्हणून विचारलं. कस्तुराबाईंनी वाढलं, भज्जी दिली, उंडे दिले. पलीकडून चार-सहा जोडी डोळे बघत होते. पंचफुलाबाई सगळ्यांत पुढं बसून हरभरा सोलत होत्या आणि नाक मुरडत होत्या.

सोयरीक पक्की झाली. दिवस कलायच्या आत पाहुणे गावात चहाला आले.

कस्तुराबाईंनी चांगुणाची कळशी राखेनं घासून लखलखीत केली. ती डोक्यावर घेऊन त्या गल्लीतून, पारावरून, वैजनाथच्या पुढच्या दारानं आत गेल्या. ओट्यावर पाहुणे बसले होते. वैजनाथच्या हातातली बशी तिरकी झाली.

"वहिनी..." एवढंच तो म्हणाला.

"चांगुणा, तुझी कळशी. रानात राहिली हुती."

चांगुणानं ती दोन्ही हातांनी घेतली. करंज्या घेतल्या होत्या तशाच. दाराआडून आरती पुढं आली आणि सगळ्यांदेखत वाकून पाया पडली. कस्तुराबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी ऱ्हा," म्हणाल्या. पाहुण्यांतलं कोणी काही विचारायच्या आत पंचफुलाबाईंनी चहा फार गोड झाल्याची तक्रार सुरू केली.

बाहेर अंगणात म्हैस घमेलं चाटत होती. तळाशी खोबऱ्याचा एक कीस अजून चिकटलेला होता. कस्तुराबाईंनी नाकाला पदर लावला आणि त्या पुढं झाल्या. शिसारी गेली नव्हती, आणि ती लवकर जाईल असं त्यांना वाटतही नव्हतं. घरी येऊन त्यांनी मागच्या दाराला आतून अडसर घातला, पुढचं दार सताड उघडं टाकलं आणि दिवा लावून गुडघे टेकले. आज शब्द आठवावे लागले नाहीत. आधी त्यांनी आरतीसाठी मागितलं. मग, दात ओठ खात का होईना, वैजनाथसाठीही.